पूरतयारी आणि पुरानंतरची कामं: नदीकाठच्या एका गावाच्या प्रकल्प नोंदी

व्याप्ती: १४० घरांचं गाव. त्यातली ५२ घरं आणि साधारण २४० माणसं खालच्या आळीत राहतात. वरच्या आळीतल्या शाळेकडे जायला रस्ता एकच, तोही ओढ्यावरच्या मोरीवरून. नदीच्या वरच्या अंगाला १२ किलोमीटरवर पूल आहे. पाणी कधी चढतं हे तिथे आधी कळतं.

४ मार्च

पातळ्या घेण्याचं काम पूर्ण. पारदर्शक लेव्हल पाइपने नदीकाठापासून खालच्या आळीतल्या प्रत्येक उंबऱ्यापर्यंत, मोरीपर्यंत आणि शाळेच्या पायरीपर्यंत उंची मोजली. शाळेची दगडी पायरी हा कायमचा संदर्भबिंदू धरला. लाकडी खुंटी किंवा झाडावरची खूण यासाठी चालत नाही. खुंटी हलते, सालीवरची खूण वर्षभरात बुजते.

पहिल्या फेरीत निघालो त्याच बिंदूवर परत आल्यावर ६ सेंटिमीटरचा फरक आला. पाइपात हवेचा बुडबुडा अडकला होता. पाइप भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घ्यावं, नळाला लावून भरू नये. वाचन घेण्याआधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाणी एका रेषेत येतं का ते दर वेळी पाहावं. पाइपाचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत असला तरी थोडा फरक पडतो, म्हणून काम सकाळी लवकर केलं. दुसऱ्या फेरीत फरक १ सेंटिमीटरच्या आत. तो स्वीकारला.

या मोजणीतून निघालेली मुख्य गोष्ट: सगळ्यात खालचा उंबरा ४.८० मीटरवर आहे, पण मोरीवरचा रस्ता ४.१० वरच बुडतो. म्हणजे घरात पाणी शिरण्याच्या बऱ्याच आधी बाहेर पडायची वाट बंद होते. गावात जुन्या पुरांच्या आठवणी विचारल्या तर सगळे ‘पाणी अमक्याच्या ओट्याला लागलं होतं’ असं सांगतात. मोरीचं पाणी कुणाच्या लक्षात नाही, कारण तेव्हा तिकडे कुणी नव्हतं. इशाऱ्याचं सगळं गणित उंबऱ्यावर न बांधता मोरीवर बांधायचं, हे आज ठरलं.

९ मार्च

पातळीच्या पट्ट्या बसवल्या. एकच उंच खांब न लावता काठावर पायरीपायरीने वर चढणारे तीन खांब घेतले, प्रत्येकी दोन मीटरचे. पहिल्याचा माथा आणि दुसऱ्याचा पाया यांच्यात १० सेंटिमीटरचं ओव्हरलॅप ठेवलं, म्हणजे पाणी एकावरून दुसऱ्यावर जाताना वाचन तुटत नाही. शून्य हे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कमी पाण्याच्याही खाली धरलं. उणे आकडे आले की रात्री फोनवर सांगताना हमखास गोंधळ होतो.

खांब मुख्य प्रवाहात लावायचे नाहीत. वाहून येणारं ओंडकं पहिल्याच पुरात खांब नेतं. काठाच्या आतल्या वळणावर, पाणी संथ चढतं तिथे जागा निवडली. पाया ६० सेंटिमीटर खोल, काँक्रीटमध्ये. १० सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे आळीपाळीने, दर अर्ध्या मीटरला मोठा आकडा, आणि त्या आकड्याशेजारी चमकणारी टेप. टेप नसेल तर रात्री टॉर्चच्या उजेडात ओला रंग एकसारखा दिसतो.

वरच्या पुलाच्या खांबावरही अशीच पट्टी रंगवली. यापुढे ती ‘वरची पट्टी’ आणि आपली ‘गावपट्टी’.

२ एप्रिल

घरयादी. आळीतून चालत, घराच्या क्रमाने केली. आडनावाच्या क्रमाने केलेली यादी अंधारात निरुपयोगी ठरते. प्रत्येक घरापुढे फक्त एवढंच: माणसं किती, स्वतःहून चालू न शकणारं कोण, गरोदर किंवा बाळंतीण, रोजचं औषध चुकवून न चालणारं कोण, जनावरं किती, आणि त्या घराला हाक मारायची जबाबदारी कुणावर. भाडेकरू आणि शेतावरच्या खोपट्यात राहणारी कुटुंबं पहिल्या यादीत सुटली होती, कारण यादी घरमालकाला विचारून भरली गेली. पुन्हा फिरून सात कुटुंबं जोडली. नुकसानभरपाईच्या वेळीही नेमकी हीच माणसं गळतात. तेव्हा आताच त्यांची नावं नीट लागणं महत्त्वाचं.

यादीच्या तीन प्रती. एक शाळेत, दोन आळीतल्या दोघांकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. फोनमध्ये आहेच, पण पुराच्या रात्री टॉवरची बॅटरी संपते हे धरून चालायचं.

२० एप्रिल

निवाऱ्याची मोजणी. शाळेच्या पाच खोल्या, प्रत्येकी ६ बाय ८ मीटर, एकूण २४० चौरस मीटर. स्फिअर मानकांप्रमाणे (आपत्तीतल्या मदतकार्याची आंतरराष्ट्रीय किमान मानकं) माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा लागते, म्हणजे शाळेत ६८ माणसं. ‘शाळेत मावतील सगळे’ असं गृहीत धरलेलं होतं. एक रात्र मावतीलही, पण चिखल काढून घर राहण्याजोगं व्हायला आठवडा सहज जातो. तेवढे दिवस दाटीवाटीने राहिलं की खोकला, जुलाब, खरूज सुरू होते आणि भांडणंही.

दुसरी जागा: वरच्या आळीतलं गोदाम, १५ बाय २०, ३०० चौरस मीटर, ८५ माणसं. तिथे कीटकनाशकांचे डबे आणि खताची पोती होती. नुसती एका कोपऱ्यात सरकवून भागत नाही. सगळं बाहेर काढून वेगळ्या कुलूपबंद खोलीत नेलं, फरशी धुतली, दोन दिवस दारं उघडी ठेवली. उरलेली ८७ माणसं वरच्या आळीतल्या कोणत्या घरी जातील ते नावानिशी लिहून घेतलं, दोन्हीकडच्या संमतीने.

पाणी: १५३ माणसांना माणशी १५ लिटर, दिवसाला सुमारे २,३०० लिटर. टाक्या दोन, प्रत्येकी २,००० लिटरच्या. संडास: पहिले काही दिवस ५० माणसांमागे एक चालवून घेता येतो, पुढे २० मागे एक हवा. आहेत ३. एक लगेच आणि चार नंतर, अशी खड्ड्यांची जागा आखून ठेवली, विहिरीपासून ३० मीटरच्या पलीकडे आणि उताराच्या खालच्या बाजूला. बायकांसाठीचे पुरुषांच्या तिप्पट. आतून कडी आणि वाटेवर दिवा या दोन गोष्टी नसतील तर बायका रात्री संडासला जात नाहीत. मग त्या पाणीच कमी पितात आणि आजारी पडतात. दिवे आणि कड्या आजच लावल्या.

६ मे

जनावरं. खालच्या आळीत ३८ मोठी. साधारण ३०० किलोच्या जनावराला दिवसाला ६ ते ७ किलो कोरडी वैरण लागते. सात दिवसांची १,९०० किलोच्या आसपास. ती वरच्या माळावर, जमिनीपासून अर्धा मीटर उंच लाकडी मांडवावर रचली आणि वरून ताडपत्री घातली. ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत घट्ट बांधू नये, आत घाम धरून वैरण बुरसटते. बाजू खालून हातभर उघड्या ठेवल्या.

घटसर्प आणि फऱ्याची लस आजच, पाऊस सुरू होण्याच्या आधी. पुरानंतर टोचून उपयोग फार थोडा, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात.

दावी. पुरात मरणारी बरीच जनावरं पोहता येत नाही म्हणून मरत नाहीत, बांधलेली असतात म्हणून मरतात. एका ओढीत सुटणारी सरकगाठ प्रत्येक गोठ्यात दाखवली आणि करवून घेतली. साखळीने बांधणाऱ्या चार गोठ्यांत साखळी आणि खुंट्याच्या मध्ये हातभर दोरीचा तुकडा घातला. साखळीची कडी ताणाखाली हाताने सुटत नाही, दोरी निदान विळ्याने कापता येते.

१८ मे

दिवसाची रंगीत तालीम. निरोप सगळ्या घरांत पोचायला १२ मिनिटं, शेवटचं माणूस मोरी ओलांडून जायला ४१ मिनिटं. एकूण ५३. सगळे खूश. पण शनिवारची सकाळ होती, उजेड होता, पाऊस नव्हता.

२५ मे

रात्रीची तालीम, आळीचे दिवे घालवून. निरोपाला १२ मिनिटं, हलायला ६८. एकूण ८०. वेळ कुठे गेला त्याची नोंद:

बावीस मिनिटं केवळ तीन घरांमुळे. दोन घरांत अंथरुणावरची म्हातारी माणसं, त्यांना उचलायला कुणी नेमलेलं नव्हतं. खुर्चीला दोन बांबू बांधून चार जणांनी न्यायचं ठरलं, बांबू त्याच घरात ठेवले. तिसऱ्या घरात कागदपत्रं शोधण्यात वेळ गेला. आता प्रत्येक घरात एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, दाराशेजारी खिळ्याला टांगलेली: ओळखपत्रं, जमिनीचे आणि बँकेचे कागद, औषधाची चिठ्ठी, आठवड्याची औषधं.

हाताच्या भोंग्यात सेल आत ठेवून दिले होते, ते पाझरले आणि स्प्रिंग गंजली. भोंगा वाजलाच नाही. सेल यापुढे वेगळ्या डबीत, भोंग्यालाच बांधून. दुसरं साधन म्हणून शाळेची घंटा: सलग ठोके म्हणजे निघा, थांबून थांबून तीन-तीन म्हणजे तयार राहा.

५ जून

विहिरींसाठी क्लोरीनचा साठा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या पोत्यावर ३३ टक्के क्लोरीन लिहिलेलं असतं, पण ते भरलं त्या दिवशीचं. उघडं, दमट, गरम राहिलं की ताकद झपाट्याने उतरते. हाती असलेल्या जुन्या पोत्याची तपासणी करून घेतली तर १८ टक्के निघालं.

हिशोब असा. विहिरीतलं पाणी घनमीटरमध्ये = ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × पाण्याची खोली. तीन विहिरी: ३ मीटर व्यास, ४ मीटर पाणी, २८.३ घनमीटर. २ मीटर व्यास, ५ मीटर पाणी, १५.७. आणि ४ मीटर व्यास, ३ मीटर पाणी, ३७.७. पूर येऊन गेल्यावर विहीर निर्जंतुक करायला लिटरला ५० मिलिग्रॅमचा जोरदार डोस धरला, म्हणजे घनमीटरला ५० ग्रॅम क्लोरीन. तिन्ही मिळून ४,०८५ ग्रॅम. पावडर खरोखर ३३ टक्क्यांची असेल तर १२.४ किलो, २५ टक्क्यांची असेल तर १६.३, आणि हातातल्या १८ टक्क्यांच्या पोत्याने २२.७ किलो. पोत्यावरचा आकडा धरून टाकली असती तर डोस जेमतेम निम्मा पडला असता.

नवी पावडर २५ किलो आणली, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिंपात, अंधाऱ्या कोरड्या जागी, खत, रॉकेल आणि ॲसिडपासून दूर. पत्र्याचा डबा वापरू नये, तो खातो.

११ जून

नदी आज अर्ध्या काठापर्यंत भरली, म्हणून प्रवाहाचा वेग मोजला. मार्चच्या पाण्यात हे मोजणं व्यर्थ, उथळ पाण्याचा वेग पुराला लागू पडत नाही. अर्धी पाण्याने भरलेली बंद बाटली सोडली (रिकामी बाटली वाऱ्याने पळते), ५० मीटरचं अंतर, पाच फेऱ्या, सरासरी ३१ सेकंद. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १.६ मीटर. या वेगाने वरच्या पुलापासून १२ किलोमीटरला २ तास ५ मिनिटं.

इथे एक चूक सर्रास होते. पुराची लाट तरंगणाऱ्या बाटलीच्या वेगाने येत नाही, तिच्याही पुढे धावते. पृष्ठभागाच्या वेगाच्या ०.८५ पट म्हणजे प्रवाहाचा सरासरी वेग, १.३६. रुंद पात्रात पाणी चढण्याची लाट या सरासरीच्या सुमारे पाच तृतीयांश पट वेगाने सरकते, म्हणजे २.२७ मीटर. वेळ निघतो ८८ मिनिटं. पाणी शेतात पसरलं की लाट मंदावते, पण त्यावर भिस्त ठेवायची नाही.

जुन्या खुणांवरून अंदाज: वरच्या पट्टीवर ४.०० असेल तर एका प्रवासवेळेने गावपट्टीवर ४.१० च्या आसपास, म्हणजे मोरी बुडायची वेळ. हाताशी ८८ मिनिटं, रात्री लागतात ८०. आठ मिनिटांची फट पुरेशी नाही. म्हणून दोन टप्पे:

वरच्या पट्टीवर ३.४० ला पहिला टप्पा: उचलून न्यायची माणसं, गरोदर बायका, लहान मुलं असलेली घरं, आणि जनावरं.

वरच्या पट्टीवर ४.०० ला दुसरा टप्पा: सगळे. कुणाला विचारायचं नाही, कुणाच्या हुकुमाची वाट पाहायची नाही. पट्टी वाचणाऱ्याने थेट घंटेवाल्याला सांगायचं.

१४ जून

पर्जन्यमापक. २० सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, खाली कॅन. क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणून ३१.४ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, मोकळ्या जागी. रोज सकाळी एकाच वेळी वाचन, जोराच्या पावसात दर तासाला. याचा मुख्य उपयोग ओढ्यासाठी. ओढ्याचं पाणी नदीची वाट पाहत नाही.

२२ जुलै, रात्र

वेळेच्या नोंदी जशाच्या तशा.

२१:१० वरची पट्टी ३.४०. पहिला टप्पा सुरू.
२२:२५ पहिला टप्पा पूर्ण. ३८ पैकी ३८ जनावरं वर.
२२:४० वरची पट्टी ४.००. सलग घंटा.
२२:४९ निरोप सगळीकडे पोचला.
२३:२५ शेवटचं कुटुंब मोरीपलीकडे. यादीशी ताळा केला, सगळे आले.
२३:३५ मोरीवर पाणी. गावपट्टी ३.७८.
००:१० गावपट्टी ४.०५.
०१:४५ वरच्या पट्टीवर सर्वोच्च पाणी.
०३:२० गावपट्टीवर सर्वोच्च पाणी, ५.१५.

मोरीवर पाणी आल्यावर दोन तरुण राहिलेलं सामान आणायला परत निघाले होते. त्यांना थांबवलं. वेगाने वाहणारं घोट्याच्या वरचं, १५ सेंटिमीटर पाणीही माणसाचा पाय काढतं, ३० सेंटिमीटर लहान गाडी उचलतं. शिवाय पाण्याखाली मोरीचा कठडा संपून ओढा कुठे सुरू होतो ते दिसत नाही. यापुढे रस्ता बुडताच दोन्ही टोकांना दोर आणि दोन माणसं.

२३ जुलै

पाणी उतरायला लागताच पहिलं काम पूररेषेच्या खुणा. भिंतींवर काडीकचऱ्याची आणि गाळाची रेघ पुढच्या सरीबरोबर धुऊन जाते. १९ ठिकाणी खडूने रेघ, मग ऑइलपेंट, तारीख. ३१ घरांत पाणी शिरलं होतं.

घरात जाण्याचा क्रम ठरवून दिला. मातीच्या भिंती पूर चढताना कमी आणि उतरताना जास्त पडतात: बाहेरच्या पाण्याचा आधार जातो आणि भिंतीचा पाया पिठासारखा मऊ झालेला असतो. बाहेरून चारी बाजूंनी पाहायचं, ओळंबा लावायचा, आढं किंवा वासे सरकलेत का बघायचं. सहा घरांवर लाल खूण, आत जायचं नाही. वीज खांबावरूनच बंद. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही, खाली करायलासुद्धा. भांड्यांखाली, अंथरुणांच्या गठ्ठ्यात साप असतात. आधी काठी, मग हात. चावलाच तर पट्टी आवळणं, कापणं, चोखणं काही नको. अंग हलवू न देता सरळ दवाखाना.

२४ जुलै

नुकसानीची यादी, साफसफाई सुरू होण्याच्या आधी. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि घरक्रमांकाची पाटी. एप्रिलच्या घरयादीशी जुळवून, म्हणून भाडेकरू आणि खोपटीवाले सुटले नाहीत. यादी संध्याकाळी शाळेत मोठ्याने वाचली. चार हरकती आल्या, तीन बरोबर होत्या, तिथल्या तिथे दुरुस्त केल्या. यादी कपाटात ठेवून आठवड्याने जाहीर केली की प्रत्येक दुरुस्ती संशयाची होते.

निवाऱ्यात जुलाबाचे दोन रुग्ण. जलसंजीवनीची पाकिटं दोन मापांची आली आहेत, एक लिटरची आणि २०० मिलिलिटरची. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात घोळणं मुलाला घातक ठरू शकतं. पाकिटांच्या दोन वेगळ्या टोपल्या केल्या, प्रत्येकीत त्याच मापाचं भांडं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

२५ ते २८ जुलै

विहिरी. दोन बुडाल्या होत्या. सगळ्यात जास्त घाई इथेच होते आणि सगळ्यात जास्त चुकाही.

घाईने पूर्ण उपसा करू नये. भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असते. विहीर एकदम रिकामी केली की बाहेरचा दाब बांधकाम आत ढकलतो. एका वेळी साधारण मीटरभर उपसून तासभर थांबलो, दगडांचे सांधे पाहिले. दुसऱ्या विहिरीत पूर्वेच्या बाजूने माती सुटायला लागली, तिथे उपसा थांबवून एक दिवस जाऊ दिला.

इंजिनवरचा पंप विहिरीत उतरवायचा नाही आणि कठड्यालाही टेकवायचा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला वास नाही, आणि दिवा सोडून पाहिल्यानेही तो कळत नाही, दिवा जळतच राहतो. पंप वाऱ्याच्या खालच्या बाजूला, दहा मीटर लांब. गाळ काढायला आत उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर, वर दोन माणसं. आतला बेशुद्ध पडला तर वरच्याने उडी घ्यायची नाही, दोराने ओढायचं. एकामागोमाग तिघे जातात ते असेच.

गाळ आणि कचरा काढून भिंती घासल्या, पाणी पुन्हा भरू दिलं. पहिल्या विहिरीत ४ मीटर पाणी आल्यावर २५ टक्क्यांची पावडर ५.७ किलो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. बादलीबादलीने कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी विहिरीत सोडली. त्यातलंच पाणी उपसून भिंतींवर मारलं. २४ तास झाकून ठेवली, पाणी वापरायला सक्त मनाई. मग वास जाईपर्यंत उपसा. हे पाणी ओढ्यात किंवा पिकात सोडलं नाही, पडीक जागेत जिरवलं.

रोजचा डोस ठरवायला बादली चाचणी. २५ टक्क्यांची पावडर ४० ग्रॅम एक लिटर पाण्यात, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण. विहिरीच्या पाण्याच्या २० लिटरच्या चार बादल्यांत अनुक्रमे १, २, ३ आणि ४ मिलिलिटर. ढवळून बरोबर ३० मिनिटांनी उरलेला क्लोरीन मोजला: ०, ०.१, ०.४, ०.९. लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम हवा असतो, म्हणून तिसरी बादली, म्हणजे लिटरला १.५ मिलिग्रॅम. २८.३ घनमीटरला सुमारे ४.२ लिटर द्रावण, कोरडी पावडर १७० ग्रॅम. ही चाचणी पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. पाणी जसं निवळतं तसा डोस उतरतो, आणि न उतरवला तर पाण्याला वास येऊन लोक चोरून ओढ्याचं पाणी आणतात.

पाणी गढूळ असताना क्लोरीन घालून समाधान मानू नये. मातीचे कण क्लोरीन खातात आणि जंतूंना आडोसा देतात. दुसरी विहीर गढूळच होती, ती एक दिवस उशिरा घेतली.

२९ जुलै

घरातला गाळ. ४० चौरस मीटरच्या घरात १० सेंटिमीटर गाळ म्हणजे ४ घनमीटर, सहा टनांच्या वर, ६० लिटरच्या हातगाड्याने ६७ फेऱ्या. ओला असतानाच काढावा. वाळून फुटला की खणावा लागतो आणि धूळ छातीत जाते. गाळ गटारात लोटला तर पुढच्या सरीला तीच आळी पुन्हा तुंबते. टाकायची जागा आधी ठरवली, मगच फावडी वाटली. पायात बूट आणि जखमेवर पट्टी नसेल त्याला गाळात उतरू दिलं नाही, उंदरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिस होतो.

४ ऑगस्ट

धान्य आणि बियाणं. पुराचं पाणी लागलेलं धान्य खायला नको, ही समजूत घालणं जड गेलं. वरून कोरड्या राहिलेल्या पोत्यांसाठी मिठाची चाचणी: कोरड्या काचेच्या बरणीत धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ, झाकण लावून हलवून दहा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर, साठवू नये. अकरा पोत्यांपैकी चार पुन्हा वाळवायला काढली.

बियाणं: १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून. एका पिंपातले ८६ उगवले, दुसऱ्यातले ४१. दुसरं पेरणीतून बाद.

१२ ऑगस्ट

शेतात साचलेली वाळू. ५ सेंटिमीटरपर्यंत असेल तर नेहमीच्या नांगरटीत मिसळते. त्याहून जाड, साधारण २० पर्यंत, आधी पसरून मग खोल नांगरट. त्यावर असेल तर काढावीच लागते. नदीकाठच्या तीन शेतांत काढावी लागेल. चिखलावर ट्रॅक्टर घालायची घाई करू नये, खालची माती दाबली जाते आणि वर्षभर पाणी जिरत नाही. मूठभर माती दाबून गोळा फुटतो का पाहावं, मगच.

२ सप्टेंबर

भिंतींचं प्लास्टर अजून नको. भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून २४ तासांनी पाहिलं. १४ पैकी ९ घरांत आतून दव आलं. ओल्या भिंतीवर प्लास्टर केलं की काही महिन्यांत फुगून पडतं आणि मदतीचा पैसा मातीत जातो. वायरिंगची इन्सुलेशन तपासणी झाल्याशिवाय मीटर जोडायचा नाही, हेही पाळलं.

१४ सप्टेंबर

पट्ट्यांची फेरतपासणी. सर्वोच्च पाण्याचा प्रवास वरच्या पुलापासून १ तास ३५ मिनिटं, काढलेल्या ८८ मिनिटांच्या जवळ. ००:१० ला ४.०५, म्हणजे दोन पट्ट्यांचं नातंही बरोबर. चुकली ती मोरी. ४.१० ला बुडायला हवी होती, ती ३.७८ ला बुडाली आणि ३३ मिनिटं लवकर.

कारण शोधलं. मोरीच्या दोन नळ्यांपैकी एकीत ओंडका आणि काटेरी झुडपं अडकलेली सापडली. ओढ्याचं पाणी वरच्या बाजूला तुंबून नदीच्या पातळीपेक्षा ३२ सेंटिमीटर वर चढलं. मार्चमध्ये रस्त्याची उंची अचूक मोजली, नळी तुंबेल हे धरलं नाही. पहिल्या टप्प्यात हळू चालणारी माणसं आधीच हलली होती, म्हणून दहा मिनिटं उरली.

बदल: मोरीच्या १५ मीटर वर, ओढ्यात तिरकी खांबांची ओळ, ओंडके काठाकडे वळवायला. जाळी थेट नळीच्या तोंडावर लावायची नाही, ती स्वतःच तुंबते. मे महिन्यात आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर मोरी साफ, नावं नेमली. मोरीच्या वरच्या अंगाला तिसरी पट्टी.

आणि साफसफाई कितीही झाली तरी मोरी तुंबलेली आहे असं धरूनच आकडे: गावपट्टीवर लाल पट्टा ४.१० वरून ३.७०. वरच्या पट्टीवर पहिला टप्पा ३.४० वरून ३.००, दुसरा ४.०० वरून ३.६०. जुना लाल रंग खरवडून काढला, वरून नुसता फासला नाही. नव्या आकड्यांवर रात्रीची तालीम १० ऑक्टोबरला.